डोळे बसवलेला दगड : मंगळाच्या छायाचित्रांचे वाचन

१९९८ सालच्या हिवाळ्यात विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी ‘मंगळावरचा चेहरा’ या विषयावर बोललो होतो. तेव्हा मी महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत असे. सोबत स्लाइड प्रोजेक्टर होता आणि व्याख्यानाचा सगळा भार दोन स्लाइडवर होता. पहिली १९७६ची. तिच्यात मंगळाच्या जमिनीवरून आभाळाकडे पाहणारा माणसाचा चेहरा दिसतो. दुसरी त्याच जागेची, पण त्याच वर्षीच्या एप्रिलमधली. तिच्यात झिजलेल्या, विस्कटलेल्या टेकडीखेरीज काही दिसत नाही. पहिल्या स्लाइडला कुजबुज होई, दुसरीला हशा. त्या हशावर व्याख्यान संपवायचे, असा माझा शिरस्ता होता.

त्या दिवशी हशा ओसरल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी विचारले, “सर, दोन्ही फोटोंत ऊन एकाच बाजूनं आलंय का?” मला उत्तर माहीत नव्हते. “तो तपशील इथे गौण आहे,” असे म्हणून मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो. मास्तर काही न बोलता खाली बसले. घरी आल्यावर शोधू लागलो तेव्हा कळले की तो तपशील गौण मुळीच नव्हता.

मंगळावर जीव आहे की नाही, हा या लेखाचा विषय नाही. छायाचित्रात जिवाची खूण वाचली जाते ती कशी, हे वाचन कुठे घसरते आणि ते केव्हा ग्राह्य धरावे, हे मला तपासायचे आहे. हा प्रश्न मी वाङ्मयीन नियतकालिकाच्या वाचकांपुढे ठेवतो आहे, त्याला कारण आहे. जुन्या ग्रंथाचा अभ्यासक अर्थाकडे वळण्याआधी हातातली प्रत तपासतो. ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले आहेत हे पाहून एकनाथांनी शके १५०६मध्ये आधी प्रत शुद्ध केली. छायाचित्रालाही प्रत असते. ते कोणत्या भिंगातून, किती अंतरावरून, कोणत्या उन्हात घेतले, मधल्या वाटेत त्यातले काय गळले, काय वाढले आणि खाली ओळ कोणी लिहिली, हे ठरल्याखेरीज ‘यात काय दिसते’ हा प्रश्न विचारता येत नाही. मंगळाच्या बाबतीत गेली दीडशे वर्षे बहुतेक वेळा हा क्रम उलटा झाला आहे.

मधल्या रांगेतली मुले

छायाचित्रांच्या आधी नकाशे होते आणि घोळाची सुरुवात तिथेच झाली. १८७७च्या प्रतियुतीत मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. तरीही त्याचे बिंब चंद्राच्या व्यासाच्या सत्तराव्या हिश्शाहून लहानच दिसत होते. मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत जिओव्हानी स्कियापारेल्ली यांनी सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून या बिंबाचा नकाशा काढला आणि त्यावरच्या रेषांना ‘कानाली’ म्हटले. इटालियनमध्ये या शब्दात नैसर्गिक चर, ओघळ, चिंचोळी खाडी हे सगळे बसते. इंग्रजीत जाताना त्याचे कालवे झाले. मराठीत ओढा आणि कालवा यांत जो फरक आहे तोच इथे घडला. ओढ्याला खणणारा लागत नाही, कालव्याला लागतो. शब्द बदलला आणि नकाशात कोणी नसताना खणणारे येऊन उभे राहिले.

त्या खणणाऱ्यांचे चरित्र पर्सिव्हल लॉवेल यांनी लिहिले. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला त्यांनी १८९४मध्ये स्वतःच्या पैशाने वेधशाळा उभारली आणि १८९५, १९०६ व १९०८ मध्ये मंगळावर तीन पुस्तके प्रसिद्ध केली. ग्रह सुकत चालला आहे, ध्रुवांवरचे पाणी विषुववृत्ताकडे नेण्यासाठी तिथल्या शहाण्या लोकांनी कालवे काढले आहेत, अशी ती कथा. डोळ्यांवर विश्वास नसेल तर कॅमेऱ्यावर ठेवा, असा पवित्रा घेऊन १९०५मध्ये त्यांचे सहकारी कार्ल लॅम्पलंड यांनी काढलेली छायाचित्रे पुढे करण्यात आली. त्या काचेवर मंगळ जेमतेम काही मिलिमीटरांचा होता. छापखान्यातल्या हाफटोनच्या ठिपक्यांत बारकावे हरवले. मूळ काच पाहणाऱ्यांतही ज्यांना रेषा ठाऊक होत्या त्यांना त्या दिसल्या, इतरांना नाही. यंत्र साक्षीला आणले, पण साक्ष वाचण्याचे काम पुन्हा त्याच डोळ्यांकडे आले.

या वादातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग आकाशाखाली झालाच नाही. तो शाळेच्या वर्गात झाला. ग्रीनिचच्या वेधशाळेतले एडवर्ड माँडर यांनी १९०३मध्ये तिथल्याच एका शाळेचे मुख्याध्यापक इव्हान्स यांच्याबरोबर मुलांसमोर मंगळासारखी चित्रे टांगली. त्यांत डाग होते, ठिपके होते, वेड्यावाकड्या बारीक खुणा होत्या, सरळ कालवे नव्हते. मुलांना दिसेल तसे काढायला सांगितले. पुढे बसलेल्यांनी बारकावे काढले. फार मागच्यांना ठळक छटांपलीकडे काही दिसले नाही. मधल्या रांगांतल्या मुलांनी मात्र सरळ रेषा काढल्या. लॉवेल यांनी पोरासोरांचा प्रयोग म्हणून त्याची टर उडवली, पण त्या वर्गात एक नियम हाती आला होता. जिथे नजर पुरती पोचते तिथे भास होत नाही आणि जिथे मुळीच पोचत नाही तिथेही होत नाही. नजरेची क्षमता संपते त्या काठावर मन रेषा ओढते.

१९०९मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँच्या ८३ सेंटिमीटर दुर्बिणीतून युजीन अँतोनियादी यांनी मंगळ पाहिला तेव्हा त्या सरळ रेषांच्या जागी बारीक, अनियमित डागांची दाटी दिसली. म्हणजे मधल्या रांगेतला मुलगा पुढच्या बाकावर येऊन बसला. त्याआधी १९०७मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी आणखी मोलाचे काम केले होते. रेषा दिसतात हे घटकाभर मान्य करून त्यांनी विचारले होते, की इतक्या थंड, विरळ हवेच्या ग्रहावर उघड्या कालव्यातून पाणी वाहील कसे? चित्राला चित्राबाहेरचा प्रश्न विचारायचा, ही ती पद्धत. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

चेहरा आणि त्याखालची ओळ

२५ जुलै १९७६ रोजी ‘व्हायकिंग १’चे कक्षेतले यान मंगळाच्या सायडोनिया भागावरून जात होते. दुसऱ्या लँडरसाठी उतरण्याजोगी जागा शोधणे हे त्याचे काम. त्यातल्या ३५ए७२ क्रमांकाच्या छायाचित्रात तो चेहरा आला. ऊन फार तिरपे होते आणि एका पिक्सेलमध्ये चाळीस-पन्नास मीटर जमीन मावत होती. टेकडीची रुंदी दीड-दोन किलोमीटर. म्हणजे आडव्या ओळीत तीस-चाळीस ठिपके आले, आणि त्यातही अर्धा भाग सावलीत. शिवाय चित्रावर काळे ठिपके विखुरलेले होते. यानाकडून पृथ्वीवर येताना जी माहिती गळली तिच्या त्या खुणा. त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी पडला. प्रत शुद्ध करणाऱ्याने सर्वांत आधी हा अपपाठ काढला असता. चेहरा वाचणाऱ्यांनी तो चेहऱ्यात धरला.

या चित्राखाली नासाने आठवड्याभरात जी ओळ छापली तिच्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. आकार माणसाच्या डोक्यासारखा दिसतो, डोळे-नाक-तोंडाचा भास सावल्यांमुळे होतो, काळे ठिपके हा संदेशातला दोष आहे, असे त्यात सांगितले होते. मजकूर अगदी खरा आहे, पण क्रम पाहा. आधी डोके दाखवले, मग ते डोके नव्हे असे म्हटले. एकदा दाखवलेले डोके वाचकाच्या मनातून परत घेता येत नाही. लोकांचे लक्ष वेधावे म्हणून हे चित्र निवडले गेले, आणि पुढची पंचवीस वर्षे त्याच संस्थेला त्याची उत्तरे देत बसावे लागले. चेहऱ्याची कथा बाहेरच्या हौशी लोकांनी वाढवली हे खरे, पण तिचे बी अधिकृत ओळीतच होते.

त्या हौशी लोकांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. व्हिन्सेंट डिपिएत्रो आणि ग्रेगरी मोलेनार या दोघांनी जुन्या संग्रहातून ७०ए१३ हे दुसरे छायाचित्र शोधून काढले. ते ३५ दिवसांनंतरचे, ऊन थोडे चढलेले असतानाचे. त्यातही चेहऱ्याचा आकार टिकून होता. ‘एका क्षणीच्या सावल्यांचा खेळ’ एवढे उत्तर त्यामुळे अपुरे ठरले. सावल्या ज्या टेकडीच्या होत्या तिला खरोखरच उंचवटे आणि खळगे होते. ही आक्षेपाची योग्य रीत होती. ती बिघडली ती पुढे. भोवतालच्या टेकड्यांत पिरॅमिड आणि शहरे दिसू लागली आणि कोणते नवे चित्र आले तर आपण चूक मान्य करू, हे कोणी सांगेना.

५ एप्रिल १९९८ रोजी ‘मार्स ग्लोबल सर्व्हेअर’ने त्या जागेचे दहापट बारीक छायाचित्र घेतले. माझ्या हशाची स्लाइड ती हीच. तिच्या प्रतीचा तपशील असा : मंगळाच्या त्या भागात तेव्हा हिवाळा होता आणि हवेत पातळ ढग होते. यान थेट वरून पाहत नव्हते, ४५ अंशांतून तिरकस पाहत होते. आणि १९७६मध्ये तिथे कलत्या दुपारचे ऊन होते, तर १९९८मध्ये सकाळचे. म्हणजे मी श्रोत्यांना एका बाजूने उजळलेला, समोरून पाहिलेला आकार दाखवत होतो आणि मग दुसऱ्या बाजूने उजळलेला, बाजूने पाहिलेला, ढगाआडचा आकार दाखवून हसवत होतो. निष्कर्ष माझा बरोबर होता. पुरावा मात्र मी ज्यांची चेष्टा करत होतो त्यांच्याच पद्धतीने वापरत होतो. मला हवे ते दाखवणारी प्रत मी उचलली होती.

या प्रकरणाचे रास्त उत्तर ८ एप्रिल २००१च्या छायाचित्राने दिले. निरभ्र हवा, आणि एका पिक्सेलमध्ये सुमारे दीड मीटर जमीन. त्यात टेकडीचा माथा, कडा, घसरलेला मुरूम सगळे दिसते. ती सपाट माथ्याची झिजलेली टेकडी आहे, तशा आसपास अनेक आहेत. डोळ्याच्या खाचेत डोळा नाही, खळगा आहे. इथे ग्रीनिचचा नियम पुन्हा भेटतो. खूण चाळीस मीटरच्या ठिपक्यांत होती तोवर जिवंत होती. दीड मीटरच्या ठिपक्यांत ती मावळली. खरी बांधीव वस्तू जवळून पाहिली तर तिच्यात अधिक बांधणी दिसते. हेमाडपंती देवळाच्या भिंतीजवळ जावे तसतसे चिरे, सांधे, कोरीव काम उलगडते. दुरून दिसलेली खूण जवळ गेल्यावर वाढली पाहिजे, निदान टिकली पाहिजे. मंगळावरच्या ज्या खुणांचा गाजावाजा झाला त्या जवळ गेल्यावर विरल्या आहेत.

जमिनीवर उतरल्यावर

जमिनीवर उतरलेल्या यानांच्या चित्रांनी हा प्रश्न संपेल असे वाटले होते. ‘व्हायकिंग १’ २० जुलै १९७६ रोजी क्रायसी मैदानात उतरले, ‘व्हायकिंग २’ ३ सप्टेंबरला युटोपिया मैदानात. पहिले रंगीत चित्र दुसऱ्याच दिवशी आले आणि त्यात आभाळ निळसर होते. यानावर रंगांची पट्टी बसवलेली होती. तिच्याशी ताडून पाहिल्यावर चूक कळली आणि आभाळ गुलाबी-तांबूस झाले. ही चूक उघडपणे दुरुस्त केली गेली, तरी खरा निळा मंगळ लपवला, असे मानणारे आजही आहेत. शुद्धिपत्र छापणाऱ्यावरच संशय घ्यायचा हा प्रकार ग्रंथव्यवहारातही अनोळखी नाही.

त्या लँडरवरचा कॅमेरा एका क्षणात चित्र घेत नसे. एकेक उभी पट्टी टिपत तो हळूहळू वळत असे. मधून कोणी चालत गेले असते तर चित्रात प्राण्याऐवजी विचित्र ओघळ उमटला असता. हे ओळखून कॅमेरा एकाच पट्टीवर रोखून हालचाल टिपण्याची सोयही ठेवली होती. एलियट लेव्हिंथल, कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सगळी चित्रे जिवाच्या दृष्टीने तपासली आणि १९७७मध्ये निष्कर्ष छापला : पुरावा आढळला नाही. याच मोहिमेत मातीवरचा एक प्रयोग करणारे गिल्बर्ट लेव्हिन यांना जीव सापडल्याची खात्री होती. १९७८मध्ये त्यांनी काही दगडांवर हिरवट डाग असून ते काळाबरोबर बदलतात, असेही चित्रांवरून मांडले. धूळ बसली, उडाली, ऊन बदलले तरी तसेच दिसेल, हा आक्षेप चित्रांच्या आधारे खोडता येत नव्हता, आणि मान्यही करता येत नव्हता. चित्राकडे तेवढी ताकदच नव्हती.

पुढच्या कथा मी थोडक्यात उरकतो. २०१४च्या जानेवारीत ‘ऑपॉर्च्युनिटी’ रोव्हरसमोर बारा दिवसांपूर्वी नसलेला एक दगड दिसला. तो सजीव आहे असा दावा थेट न्यायालयात गेला. रोव्हरच्याच चाकाने तो दगड उडवला होता. २०२२च्या मेमध्ये ‘क्युरिऑसिटी’च्या चित्रात खडकात कोरलेले दार दिसले. त्याची उंची सुमारे ३० सेंटिमीटर होती. शुक्राचे उदाहरण जरा वेगळे, कारण तिथे दावा करणारे लिओनिद क्सान्फोमालिती हे सोव्हिएत शुक्रमोहिमांत काम केलेले जाणते शास्त्रज्ञ होते. १ मार्च १९८२ला उतरलेल्या ‘व्हेनेरा १३’च्या चित्रांत विंचवासारखे आणि चकतीसारखे काही हलते आहे, असे त्यांनी २०१२मध्ये लिहिले. चकती म्हणजे कॅमेऱ्याचे गळून पडलेले झाकण. दोन बाजूंना दोन कॅमेरे, म्हणून दोन झाकणे आणि म्हणून ‘हालचाल’. जाणतेपणाने माणूस या चुकीपासून सुटतोच असे नाही, हा त्यातला धडा.

लोणारचे दोन ठिपके

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग छायाचित्रात जीव दिसला नाही की जीव नाही, असे समजावे. ही दुसरी घसरण, आणि ती शहाण्या माणसांची आहे. स्टीव्हन किलस्टन, रॉबर्ट ड्रमंड आणि कार्ल सेगन यांनी १९६६मध्ये एक उलटा शोध प्रसिद्ध केला. टायरॉस आणि निंबस या हवामान-उपग्रहांची हजारो छायाचित्रे त्यांनी तपासली. ग्रह पृथ्वी, आणि प्रश्न असा की इथे जीव आहे का? किलोमीटरभराच्या ठिपक्यांत जवळजवळ काहीच हाती लागले नाही. उठून दिसले ते कॅनडाच्या जंगलातल्या लाकूडतोडीचे बर्फाळलेले पट्टे आणि अशीच एखादी खूण. वर्षभर आधी, जुलै १९६५मध्ये ‘मरिनर ४’ने मंगळाची २२ चित्रे पाठवली होती. त्यांत विवरे दिसताच मंगळ मृत असल्याचा निकाल अनेकांनी दिला होता. त्याच मापाने पृथ्वीही मृतच ठरली असती.

हे मी वर्गात सांगायचो तेव्हा लोणारचे उदाहरण घेत असे, कारण विद्यार्थ्यांना दरवर्षी तिथे नेत होतो. लोणारचे विवर उल्काघाताने दख्खनच्या बसाल्टमध्ये पडले आहे. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बसाल्टचा, म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे सायडोनियाच्या टेकडीच्याच मापाचा. किलस्टन-सेगन यांच्या चित्रांत लोणार जेमतेम दोन ठिपक्यांचे झाले असते. व्हायकिंगच्या कॅमेऱ्यात चाळीसेक ठिपक्यांचे. दैत्यसूदनाचे अख्खे देऊळ एखाद्या ठिपक्यात गडप झाले असते. काठावरची झाडी, माकडे, मोर, देवळांत येणारी माणसे यांतले काहीच दिसले नसते.

२०२०च्या जूनमध्ये या सरोवराचे हिरवे पाणी गुलाबी झाले. मेअखेरीचे आणि जूनमधले उपग्रहचित्र शेजारी ठेवले तर बदल लख्ख दिसतो. ही खरोखरच जिवाची खूण होती. पण ती जिवाची आहे हे चित्राने सांगितले नाही. गुलाबी रंग क्षारांचा असू शकतो, गाळाचा असू शकतो. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले, तिथे मिठात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले आणि मग रंगाचा अर्थ ठरला. आधीचा हिरवा रंगही जिवाचाच होता, शेवाळाचा. त्याकडे कोणी खूण म्हणून पाहिले नव्हते, कारण तो रोजचा होता. लोणारच्या त्या दोन चित्रांवरून मला वाटते, छायाचित्राचे खरे काम निकाल देणे हे नाहीच. पाणी कुठून भरून आणायचे, हे ते दाखवते.

एकाच वाचकाचे दोन निकाल

चांगले वाचन कसे असते, याचे उदाहरण मला ॲबिगेल ऑलवूड यांच्या कामात दिसते. २००६मध्ये त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ३४३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतले थर जिवाणूंनी घडवलेले आहेत, असा निष्कर्ष काढला. अशा थरांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. एका शंकूसारख्या आकारावर त्या थांबल्या नाहीत. आकार किती प्रकारचे आहेत, कोणता कुठे आढळतो, त्या ठिकाणी पाणी उथळ होते की खोल, हे किलोमीटरोगणती पायपीट करून त्यांनी मांडले. दहा वर्षांनी ग्रीनलंडमधल्या ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत असेच शंकू सापडल्याचे दुसऱ्या गटाने जाहीर केले. छायाचित्रात ते हुबेहूब होते. ऑलवूड आणि सहकाऱ्यांनी दगड दुसऱ्या बाजूने पाहिला. शंकू वाटले ते शंकू नव्हते, दाबाने चुरगळलेल्या खडकाच्या लांबट वळ्या होत्या. समोरून कापलेला काप तेवढा शंकूसारखा दिसत होता. २०१८मध्ये त्यांनी तो दावा नाकारला. एकाच वाचकाने एका खडकाला होकार दिला, दुसऱ्याला नकार. दोन्ही वेळा निर्णय आकाराच्या भोवती काय आहे यावरून झाला.

ऑलवूड यांच्या नेतृत्वाखाली बनलेले एक उपकरण ‘पर्सिव्हिअरन्स’ रोव्हरच्या हातावर आहे. क्ष-किरण टाकून दगडातली मूलद्रव्ये बिंदूबिंदूला मोजणारे. जुलै २०२४मध्ये जेझेरो विवराला येऊन मिळणाऱ्या जुन्या नदीच्या पात्रात या रोव्हरला चेयावा फॉल्स नावाचा तांबूस खडक सापडला. लांबी मीटरभर. त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे फिकट डाग, प्रत्येकाला काळसर कड. पृथ्वीवर असे डाग पडतात त्या ठिकाणी पुष्कळदा सूक्ष्मजीवांचा हात असतो. १९७६ची रीत असती तर हे चित्रच बातमी झाले असते. या वेळी डागांच्या कडा मोजल्या गेल्या. लोह, फॉस्फरस, गंधक यांची जुळणी पाहता व्हिव्हिॲनाइट आणि ग्रेगाइट ही खनिजे असावीत, शेजारी सेंद्रिय द्रव्य आहे, खडक फार तापल्याची चिन्हे नाहीत. जिवाशिवायही अशी खनिजे बनू शकतात, पण त्यासाठी सहसा उष्णता लागते. हे सगळे तोलून सप्टेंबर २०२५च्या शोधनिबंधात शब्द वापरला गेला तो ‘संभाव्य’. जिवाची संभाव्य खूण, त्यापुढे एक अक्षर नाही.

हा शब्द अनेकांना मिळमिळीत वाटला. मला तो या दीडशे वर्षांच्या इतिहासातला सर्वांत कमावलेला शब्द वाटतो. स्कियापारेल्लींच्या ‘कानाली’पासून व्हायकिंगच्या ‘डोक्या’पर्यंत आपण आधी नाम ठेवले आणि मग वस्तू शोधली. इथे वस्तू मोजली आणि नाम राखून ठेवले. अडचण पुढची आहे. त्या खडकाचा बोटाएवढा गाभा रोव्हरने कापून नळीत भरला आहे. ती नळी पृथ्वीवर आणण्याची योजना खर्चाच्या प्रश्नावर अडखळली आहे. ती आली नाही तर आपल्या हातात एक चित्र आणि काही आकडे राहतील, आणि मधल्या रांगेतली मुले रेषा ओढायला मोकळी होतील. लोणारचे पाणी बुलढाण्याहून पुण्याला न्यावे लागले होते. मंगळाचा दगडही कुठल्या तरी टेबलावर यावा लागेल.

मास्तरांचा प्रश्न

आमच्या गावच्या वेशीवर एक तांदळा आहे. शेंदूर लावलेला, चांदीचे डोळे बसवलेला. लहानपणी मला त्याची नजर चुकवता येत नसे. डोळे काढून पाहिले तर तो शेजारच्या दगडांसारखाच एक दगड. पण त्याला डोळे कोणी बसवले हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ते बसवण्याचा दिवस असतो, विधी असतो, माणसे असतात. कोणी असे म्हणत नाही की डोळे दगडातच उगवले. श्रद्धा आपला हात लपवत नाही. मंगळाच्या चित्रांत डोळे बसवणारा हात लपलेला असतो. तो कधी नकाशावर शब्द लिहिणाऱ्याचा असतो, कधी चित्राखाली ओळ लिहिणाऱ्याचा, कधी गळलेल्या ठिपक्याचा, कधी आपल्याच मनाचा. आणि डोळे काढून टाकणाराही आपला हात लपवू शकतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

निवृत्तीनंतरही मी ते व्याख्यान अधूनमधून देतो. आता स्लाइड तीन असतात, आणि प्रत्येकीवर ऊन कुठून येते त्याचा बाण काढलेला असतो. हशा पूर्वीइतका होत नाही. प्रश्न अधिक येतात, आणि काहींची उत्तरे मला देता येत नाहीत. त्या वाचनालयाने मला पुन्हा बोलावले नाही. मास्तरांचे नाव मी तेव्हा विचारून घेतले नव्हते, म्हणून त्यांचे उत्तर इथे छापतो. नाही मास्तर, ऊन एकाच बाजूने नव्हते. तुम्ही विचारलेत तेव्हाच मी ते शोधून यायला हवे होते.